कोपऱ्यातल्या खड्ड्यातली मरळ

आमच्या घरामागच्या डबरीत ती मरळ मेटनं सोडली नव्हती. ती मी ठेवली होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, कारण तिच्याचसाठी ठेवली होती. पण तिच्याशीही या विषयावर बोलणं बंद करून पुष्कळ वर्षं झाली. आता पन्नाशी जवळ आली. संध्याकाळी घरी येतो तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं. कचेरीच्या कामाचा थकवा म्हणावा, तर तेवढं काम आता माझ्याकडे देतही नाहीत.

मरळ ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सापासारख्या डोक्याची, काळपट, अंगानं गोल अशी ही मासोळी. काटे कमी, मांस घट्ट, चव अशी की आमच्या बालाघाटात आजाऱ्याला उठवायला मरळीचा रस्सा देतात. पण ती ज्या पाण्यात असेल तिथं दुसरी लहान मासोळी राहू देत नाही. पाणी आटलं तर चिखलात घुसून बसते आणि पावसाची वाट पाहते. आणि पिलं झाली की नर-मादी दोघं त्यांना सोडून हलत नाहीत. लाल-केशरी पिलांचा झुबका पाण्यावर फिरत असतो आणि त्याच्या खाली आईबापांची काळी सावली. हे शेवटचं मला बायकोनं दाखवलं. तोवर मी मरळ फक्त ताटात पाहिली होती.

आमची डबरी कुणी हौसेनं खोदलेली नव्हती. गावाच्या कडेला, वैनगंगेच्या अंगाला दादानं घर बांधलं तेव्हा भिंतींची माती मागच्या बाडीतूनच, म्हणजे परसातूनच, काढली. घर वर आलं तेवढी बाडी खाली गेली. पहिल्याच पावसात खड्डा भरला, आणि पुढे उन्हाळ्यातही एका कोपऱ्यात गुडघाभर पाणी राहू लागलं. तिथं भांडी घासायची, म्हैस बसायची, आणि कुठून कुठून आलेल्या मासोळ्या आपोआप राहायच्या.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मायबाप मी लहान असतानाच गेले, मला त्यानंच वाढवलं. तो उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत होता आणि त्यानं मला मॅट्रिक केलं, कचेरीत चिकटवलं, माझं लग्न लावलं. त्याची स्वतःची बायको उकव्यालाच तापानं गेली. मूल नव्हतं. घर त्याचं, आम्ही नवरा-बायको त्याच्या घरात.

मेट म्हणजे त्याचा सोबती. खाणीत दहा-वीस माणसांच्या टोळीवर जो मुख्य असतो त्याला मेट म्हणतात. दादा त्याच्या टोळीत होता. खाण सुटली तरी गल्लीनं त्याला मेटच म्हटलं. छप्पन सालच्या दसऱ्याला दोघं मिळून नागपूरला गेले, दीक्षा घेतली, आणि पांढऱ्या कपड्यांत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून परत आले. घरं बांधली तीही कुंपणाला कुंपण लावून. कुंपण म्हणजे बेशरमाची झाडं, आणि त्यात मेटच्या जाण्यायेण्यानं पडलेली वाट.

रोज संध्याकाळी दिवा लागला की मेट त्या वाटेनं आमच्या आंगणात यायचा. दादा, मेट, मी आणि दाराशी माझी बायको, असे आम्ही हात जोडून शीलं म्हणायचो. पहिलं शील जीव न मारण्याचं. मेट नंतर चुलीकडे नाक करून म्हणायचा, "सूनबाई, आज मासोळी हाये वाटते."

दादा म्हणायचा, "आताच काय म्हटलं बे तू?"

"आपण कुठी मारतो? ते पाण्याच्या बाहेर येते आन् आपल्या मनानं मरते."

दादा हसायचा. हसता हसता खोकायचा. तो खोकला खाणीच्या धुळीचा होता, आणि त्याच खोकल्यानं त्याला काम सोडून घरी आणलं.

चौसष्ट-पासष्टची गोष्ट. दादा घरी बसला आणि बसल्या जागी वाळू लागला. जो माणूस पहाटे कुदळ घेऊन डोंगर चढायचा त्याला अंगण ओलांडताना भिंत धरावी लागे. बोलणं कमी झालं. मेट आला की तेवढा उजेड. मग एक दिवस कुणाकडून तरी त्यानं ऐकलं की लहानशा डबरीतही रोहू-कतला होतात, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी परत आलं. तो दिवसभर डबरीच्या काठावर खाटेवर बसून पाण्याकडे पाहू लागला.

कोणती मासोळी टाकायची यावर आंगणात कितीतरी संध्याकाळी गेल्या. दादाचं ठरलेलं होतं. कतला वरच्या पाण्यात खाते, रोहू मधल्या पाण्यात, आणि मिरगल तळाशी गाळ चाळते. हे तो बोटांनी हवेत तीन मजले दाखवून सांगायचा.

"तीन भाऊ एका घरात. ज्याचं त्यानं खावं, भांडण नाही."

मेट म्हणायचा, "सरकारी मासोळी हाये ते, गड्या. दिसाले मोठी, तोंडात कापूस. मरळ राहू दे. आपली आपण वाढते, आपली आपण पिलं काढते, तिले ना कोंडा पाह्यजे ना ढेप."

"आन् माह्या रोहूच्या पिलायले कोण खाईन? तू?"

"मी मोठी झाल्यावर खाईन ना. मरळ लहानपणी खाते, मी म्हातारपणी. हिसाब तोच."

"बाबूजी, तू सांग," असं म्हणून तो मला ओढायचा. कचेरीत जातो म्हणून तो मला बाबूजी म्हणायचा, अर्ध्या थट्टेनं. मी काही सांगायचो नाही. दादाच्या समोर माझं मत असं काही नसायचंच. ते त्याला मागायची सवय नव्हती आणि मला द्यायची.

ठरलं ते दादाचं. उन्हाळ्यात पाणी सगळ्यात खाली जाईल तेव्हा डबरी उपसायची, जुनी एकूणएक मासोळी काढायची, आणि पाऊस पडला की नवं बीज सोडायचं.

आता बायकोबद्दल लिहायला पाहिजे. त्याआधीच्या पावसाळ्यात आमचं दुसरं मूल गेलं. पहिलं जन्मतःच गेलं होतं, हे काही महिने राहिलं. ती फारशी रडली नाही. भांडी घेऊन डबरीवर जायची ती परत यायला वेळ लावायची. एकदा मी बोलवायला गेलो तर राखेचा हात तसाच ठेवून पाण्याकडे पाहत होती. मला म्हणाली, "हे पाहा." पाण्यावर लाल पिलांचा झुबका, आणि खाली ती काळी सावली. "पोरं वर येतात तर हेही वर येते. एक क्षण सोडत नाही." मग पावसाळाभर ती रोज तिथं बसायची. पिलं मोठी होऊन पांगली तोवर. त्या दिवसांत माझ्यानं तिला काही देता आलं नाही. मी कचेरीत जात होतो, येत होतो, जेवत होतो. तिच्याशी बोलायची धास्ती वाटायची, हे खरं.

उपसायच्या दिवशी सकाळी ती मला चहा देताना हळूच म्हणाली, "आयकता का? ते मरळ राहू द्या."

मी म्हणालो, "दादानं ठरवलं हाये."

"सगळ्या काढा. ते एक राहू द्या. जिनं लेकरं सांभाळली ते."

"वेडी झाली का? ते एक राह्यली तरी सगळं खाऊन टाकन."

तिनं पातेल्याकडे पाहत म्हटलं, "रोज सांजेले हात जोडून काय म्हणता मग?"

"आन् मासोळी खातो ते?"

"खाणं येगळं. तिचं येगळं."

मी हौ म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चहा पिऊन धोतर खोचलं आणि बाडीत गेलो.

मेट आणि त्याच्या घरची दोन माणसं तेलाच्या पिप्यांनी पाणी उपसत होती. दादा खाटेवरून सांगत होता. दुपार होईपर्यंत तळ दिसला. टोपल्यात सगळं पडत गेलं, मांगूर, शिंगी, कोतऱ्या, दोन-तीन लहान मरळी. मेटच्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि हात गाळानं भरलेले होते. शेवटी राहिला तो कोपरा. तिथं एक खड्डा होता, गाळ मांडीपर्यंत, वर जांभळीची मुळं आलेली. मरळ हातानं सापडत नाही, ती पायानं शोधावी लागते. गाळात पाय घालून सावकाश फिरवायचा, आणि काही कडक हललं की दोन्ही पायांत दाबून धरायचं.

दादा म्हणाला, "लहान्या, तो कोपरा तू पाह्य."

मी उतरलो. गाळ वरून तापलेला आणि आत थंडगार. एक पाय मुळांखाली सरकवला आणि माझ्या पोटरीला ती लागली. माणसाच्या हातासारखी, जिवंत, गार. ती पळाली नाही. थोडी मागे सरली आणि तशीच राहिली. मी पाय तिथंच ठेवून उभा राहिलो. वर पाहिलं तर घराच्या दारात बायको उभी होती, पदर डोक्यावर, कारण भासरे, म्हणजे थोरले दीर, समोर होते. तिनं काही खूण केली नाही. फक्त उभी होती.

मेटनं विचारलं, "हाये का काही, बाबूजी?"

मी म्हणालो, "काही नाही."

"नीट पाह्य. तिथंच राहते ते. नाहीतर मोहाची ढेप टाकून देऊ, आत असन ते वर येईन." मोहाची ढेप, म्हणजे बियांची पेंड, पाण्यात टाकली की मासोळी गुंगून वर येते आणि मरते, आमच्याकडे डबरी साफ करायची हीच रीत.

दादा म्हणाला, "काही नाही म्हणते ना तो. पाह्यलं ना त्यानं. ढेप कायले वाया घालवतं?"

मेट टोपल्याकडे वळला. मी गाळातून पाय काढला. काढताना पायानंच थोडा गाळ तिच्यावर लोटला, हेही लिहून ठेवतो, कारण चूक झाली असं म्हणायला मला जागा राहू नये.

श्रावणात आम्ही तिघं वारासिवनीला गेलो. तिथून पुढे एका मोठ्या तलावावर बीज मिळायचं. बोटाच्या पेराएवढी पिलं, पाठ चांदीसारखी. दादाला डॉक्टरनं फिरायला मना केलं होतं, तरी तो आला. दोन मडकी भरून घेतली आणि परतीच्या छोट्या गाडीत खाली फळीवर बसलो. मडक्यातलं पाणी थांबलं की पिलं गुदमरतात, म्हणून सगळा वेळ आत हात घालून पाणी गोल फिरवत राहावं लागतं. एक मडकं दादानं घेतलं, एक मेटनं.

डब्यातली एक म्हातारी म्हणाली, "काय जी, ताक घुसळून राह्यले का?"

मेट म्हणाला, "हौ माय. लोणी वर आलं की तुले बी देतो."

"लोण्याले डोळे हायेत रे," ती वाकून पाहत म्हणाली, आणि सगळा डबा हसला.

मध्येच दादाला खोकल्याची उबळ आली. हात थांबला. मी पुढे होईपर्यंत मेटनं ते मडकंही ओढून आपल्या दोन गुडघ्यांत धरलं आणि दोन्ही हातांनी दोन्ही मडकी फिरवायला लागला. बालाघाट येईपर्यंत त्यानं एकाही हाताला विसावा दिला नाही. मी म्हटलं, "द्या, मी करतो." तो म्हणाला, "तू कलम धर बाबूजी, हे आपलं काम." ज्या मासोळीला तो कापूस म्हणायचा तिच्यासाठी तो घामानं भिजला होता. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो आणि कोपऱ्यातल्या त्या खड्ड्यावर आता किती पाणी चढलं असेल हे मनात मोजत होतो.

डबरीवर पोचल्यावर मडकी तशीच पाण्यावर तरंगत ठेवली, पिलांना नव्या पाण्याची ओळख व्हावी म्हणून. मग ओंजळीनं थोडं थोडं डबरीचं पाणी आत, आणि शेवटी मडकं आडवं. पिलं आपल्या मनानं बाहेर पडली. दादा उकिडवा बसून पाहत होता. मेट म्हणाला, "एक नाही मेलं, गड्या." दादानं ओल्या हातानं त्याची पाठ थोपटली. तेव्हा सांगितलं असतं तर ढेप टाकायची वेळ गेली होती, पण बाकी सगळं वाचलं असतं. मी मडकी धुवून ठेवली.

त्यानंतरचे महिने दादा चांगला राहिला. सकाळी गिरणीतला कोंडा मुठीनं पाण्यावर टाकायचा, शेणाची पाटी काठाला लावायची, आणि बसायचं. पहिल्या-पहिल्यांदा कोंड्यावर पाणी खवळायचं. मग कमी खवळू लागलं. दादा म्हणायचा, "थंडी हाये. खाली गेल्या असतीन." एकदा मी पाहिलं, काठापासून हातभर अंतरावर एक काळं डोकं वर आलं, हवा घेतली आणि खाली गेलं. बायकोनंही पाहिलं. तिनं भांडी उचलली आणि त्या दिवसापासून ती घासायला विहिरीवर जाऊ लागली.

मेटला वाटलं दादा उगाच चिंता करतो. त्याला हसवायला तो म्हणाला, "दिसत नाहीत गा तुह्या सरकारी मासोळ्या. मी एखादी मरळ आणून सोडतो. तिले विचारू, कुठी गेल्या म्हून."

दादा त्या दिवशी हसला. मी हसलो नाही. मला वाटलं, हा माणूस स्वतःच आपल्यासाठी खड्डा खोदतो आहे आणि मी काठावर उभा आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जाळं टाकलं. दादानं गल्लीतल्या लोकांना बोलावलं होतं. एक टोक मेटच्या हातात, एक माझ्या. आम्ही कोपऱ्याकडून ओढत आणलं. जाळं हलकं लागत होतं. काठाला आणलं तेव्हा त्यात मोजक्या रोहू होत्या, दोन कतला, आणि त्यांच्यामध्ये दंडाएवढी जाड ती मरळ, शेपटी आपटत.

दादा मेटकडे पाहत होता.

"सोडली ना तू?"

मेटला वाटलं थट्टा चालली आहे. तो भिजलेला, जाळं धरून हसत म्हणाला, "हौ बावा, मीच सोडली. सोयरी हाये ते माही."

"सांगून सोडली. आंगणात बसून सांगतलं होतं तू."

"अरे पण..." मेटचं हसू आता उतरलं. "खरंच इचारून राह्यला का तू?"

"माही मासोळी खाल्ली असती तर देऊन टाकली असती. जिद्दीपायी नास केला तू."

"मी कायले करीन गड्या? ह्या हातानं आणली ना मी ते."

दादा उभा राहिला. त्याला उभं राहायला त्रास होत होता आणि तो कुणाचा हात घेत नव्हता. "माह्या आंगणात पाय नको ठेवू आता," तो म्हणाला.

मेटनं माझ्याकडे पाहिलं. "बाबूजी, कोपरा तू पाह्यला होता ना? काही नव्हतं ना?" त्यानं हे माझ्यावर संशय घेऊन विचारलं नाही. तो साक्ष मागत होता. मी खड्डा नीट पाहिला होता आणि मरळ तिथं नव्हती हे मी म्हटलं, की ती नंतर आली एवढंच ठरणार होतं. आणि ती नंतर आली असं ठरलं की ती कुणी आणली हेही ठरणार होतं. हे त्या क्षणी मला स्वच्छ दिसलं.

मी म्हणालो, "काही नव्हतं."

जाळ्याचं टोक त्यानं खाली ठेवलं, टाकलं नाही, आणि बेशरमाच्या वाटेनं निघून गेला.

दादा आत जाऊन झोपला. जाताना म्हणाला, "शिजवा ते." बायकोनं ती मरळ चिरली आणि शिजवली. दादा जेवायला उठला नाही. तिनं स्वतःला वाढून घेतली नाही. मी पाटावर बसलो आणि तिनं वाढली तेवढी खाल्ली. त्या घरात ती मरळ खाणारा मी एकटाच होतो.

सकाळी चूल पेटवता पेटवता ती म्हणाली, "मी सांगते भासऱ्यायले. माह्यामुळं झालं. मले काय बोलायचं ते बोलू द्या."

मी म्हणालो, "तू गप राह्य. घर त्यायचं हाये. काढून दिलं तर कुठी जाशीन?"

"ते काढणार नाहीत."

"गप राह्य म्हटलं ना."

तिला गप बसवलं ते तिच्यासाठी नाही. दादा मला घराबाहेर काढेल असंही मला खरं वाटत नव्हतं. त्यानं माझ्याकडे मेटकडे पाहिलं तसं पाहावं, एवढंच मला सोसलं नसतं.

लोकांनी सांगून पाहिलं. मोठ्या पावसात बाडीतून, धानाच्या बांधातून पाणी वाहतं तेव्हा मरळ ओल्या गवतावरून सरपटत एका डबरीतून दुसरीत जाते, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. दादालाही होतं. मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं, दादा, पावसात आली असन. खरं सांगायची हिंमत नव्हती तर निदान हे सोपं खोटं. त्यानं तेही मानलं असतं, माझं तो मानायचा. पण मला भीती वाटायची की तोंड उघडलं तर त्या खोट्याच्या मागून खरंही बाहेर पडेल. म्हणून मी काहीच बोललो नाही, आणि बेशरमाची वाट एका पावसाळ्यात बुजली.

दादानं पुन्हा बीज आणलं नाही. खाट डबरीवरून उचलून ओसरीत आणली. संध्याकाळी शीलं म्हणायला आम्ही तिघंच. कुंपणापलीकडे मेटच्या घरात त्याच वेळेला तेच शब्द चालायचे, आवाज ऐकू यायचा. दादा त्याचा आवाज आला की क्षणभर थांबायचा आणि पुढे म्हणायचा.

दोनेक वर्षं गेली. शेवटच्या दिवसांत मी त्याला पाणी पाजत होतो. दुपार होती, बायको विहिरीवर. त्यानं हळूच विचारलं, "त्यानं काहून केलं असन गा?"

त्याला उत्तर पाहिजे होतं. रागावायची ताकद त्याच्यात उरली नव्हती, मला भिण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी त्याच्या छातीवरची चादर नीट केली आणि म्हणालो, "जाऊ द्या दादा, ते." त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

दादा गेला तेव्हा मेट आला. पण आंगणात आला नाही. कुंपणाबाहेर रस्त्यावर उभा राहिला, टोपी हातात घेऊन. लोकांनी बोलावलं, "या ना जी आत." तो मान हलवून तिथंच राहिला. आम्ही तिरडी रस्त्यावर आणली तेव्हा त्यानं पुढे होऊन खांदा दिला, आणि नदीपर्यंत सोडला नाही. माझ्या पुढेच चालत होता. त्याची मान मला सगळी वाट दिसत होती.

आम्हाला नंतर एक मुलगी झाली. ती आता शाळेत हिंदी चांगलं बोलते आणि मराठी थोडं अडखळत. डबरी अजून आहे, पण मी तिच्यात काही टाकलेलं नाही. पावसाळ्यात कधी लाल झुबका दिसतो, कारण मरळ आपली आपण येते. मुलगी बोलावते, "माँ, देख ना." बायको दारातूनच म्हणते, "पाह्यलं."

मागच्या उन्हाळ्यात बाजारात चांगली मरळ मिळाली. मी ती घेऊन मेटच्या घरी गेलो. रस्त्याकडून, वळसा घालून. तो ओसरीत बसला होता, दोन्ही मुलं घरात. मला पाहून उठायला लागला. "ये बाबूजी. किती दिवसानं." मी मासोळी पुढे केली. त्यानं पिशवीत वाकून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिली.

"मी मरळ खात नाही आता."

"काहून?"

"तुह्या भावानं बोललं त्या दिवसापासून. खाल्ली असती तर त्याले वाटलं असतं, पाहा, हेच पाह्यजे होतं याले." मग थोडं हसून म्हणाला, "आता सवय मोडली. मिरगल आणजो कधी. सरकारी मासोळी चांगली लागते म्हातारपणी, दात लागत नाहीत."

सुनेनं चहा आणला. मी प्यायलो. वाक्य तोंडाशी आलं होतं, आणि मुलं ऐकत होती म्हणून मी ते गिळलं. खरं म्हणजे मुलं ऐकत होती म्हणूनच ते तिथं बोलायला पाहिजे होतं, कारण आपला बाप असा नाही हे त्यांनी गल्लीत कितीदा तरी सांगितलं असेल, आणि त्यांचं कुणी मानलं नसेल.

इथं लिहिलं म्हणजे सुटलो असं मी धरत नाही. मेटला वाचता येत नाही. त्याच्या ओसरीत, त्याच्या मुलांसमोर उभं राहून मला त्याला तोंडानं सांगायचं आहे की मरळ मी ठेवली, आणि काही नव्हतं असं मी दोनदा खोटं बोललो. हे मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.